परिसंस्थांचे क्षेत्रीय सर्वेक्षण (मुंबई)

जंगल, नदी, खाडी किंवा किनारा इथल्या सजीवांची आणि त्यांच्या परिसराची जागेवर जाऊन, ठरलेल्या पद्धतीने, पुन्हा पुन्हा केलेली मोजणी म्हणजे क्षेत्रीय सर्वेक्षण. नुसती यादी करणे वेगळे. ‘कोण आहे’ याच्या पुढे जाऊन ‘किती आहे, आणि गेल्या खेपेपेक्षा कमी की जास्त’ हे सांगता आले तरच त्या कामाला सर्वेक्षण म्हणतात. मुंबईत अशा नोंदींची परंपरा जुनी आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ सालची. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०४ चौ. किमी. जंगल, त्याच्या डोंगरांत उगम पावणाऱ्या दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी या नद्या, ठाणे खाडीचा गाळ आणि काळ्या बसाल्टचा खडकाळ किनारा हे सारे लोकलच्या एका पासात बसते. अडचण अंतराची नसतेच, वेळेची असते. भरतीची वेळ, पावसाचा दिवस आणि सांडपाण्याचा तास यांवर इथला प्रत्येक आकडा हलतो. ज्या नोंदीवर घड्याळाची वेळ नाही ती पुढच्या वर्षी कशाशीच ताडून पाहता येत नाही.

भरती-ओहोटीचे गणित : अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण (सर्वांत मोठी भरती-ओहोटी), अष्टमीच्या आसपास भांग (सर्वांत लहान), हे कोळीवाड्यात कुणालाही विचारावे. मुंबईत उधाणाची भरती दुपारी व मध्यरात्री बाराच्या आगेमागे येते, म्हणजे ओहोटी सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास. पुढे रोज ही वेळ साधारण ५० मिनिटांनी सरकते. अपोलो बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात उधाणाच्या ओहोटीची सरासरी पातळी सुमारे ०.८ मी. व भरतीची ४.४ मी. आहे. खालच्या पट्ट्यातले जीव पाहायचे तर ०.५ मी. किंवा त्याहून कमी ओहोटीचा दिवस निवडावा. असे दिवस महिन्यात मोजकेच मिळतात. नवखे दोन ठिकाणी चुकतात. तक्त्यातले शून्य म्हणजे सरासरी समुद्रपातळी नव्हे, ती शून्याच्या जवळपास अडीच मीटर वर आहे. आणि खाडीच्या आतल्या भागात पाणी बंदरापेक्षा उशिरा फिरते, त्यामुळे बंदराची वेळ ऐरोलीला जशीच्या तशी लावता येत नाही.

खडकाळ किनारा : हाजी अली, वरळी, वांद्र्याचा कार्टर रोड, खारदांडा हे नेहमीचे टप्पे. ओहोटीच्या तळवेळेआधी दीड तास उतरायचे, पाण्याच्या मागोमाग खाली जायचे आणि पाणी फिरले की मोजत मोजत वर यायचे. किनाऱ्याला काटकोनात दोरी ताणतात आणि तिच्यावर ठरावीक अंतराने चौकट टाकतात. चौकट ५० × ५० सेंमी., पीव्हीसी नळीची. आत आडव्या-उभ्या दहा-दहा दोऱ्या ओवल्या की १०० छेद मिळतात. प्रत्येक छेदाखाली काय आहे तेवढेच लिहायचे: कालवे, बार्नेकल (खडकाला चिकटलेले कवचधारी जीव), शैवाल, स्पंज, झोअँथिड (चटईसारखे पसरणारे, प्रवाळांचे नातलग), उघडा खडक, गाळ. १०० पैकी २३ छेदांखाली कालवे, तर आच्छादन २३ टक्के. ‘साधारण पाव भाग’ असे नजरेने ठरवले तर दोन निरीक्षकांत सहज मोठी तफावत पडते. छेद मोजले की ती बरीच कमी होते. नळीला भोके पाडून ठेवावी, नाहीतर चौकट पाण्यात तरंगत राहते.

चौकट कुठे पडणार हे आधी काढलेल्या यादृच्छिक आकड्यांवरून ठरते. हे पाळणे दिसते त्याहून कठीण आहे, कारण हात आपसूक समुद्रफुलांनी (फुलासारखे दिसणारे सागरी प्राणी) भरलेल्या डबक्याकडे वळतो आणि सर्वेक्षण किनाऱ्याचे न होता सुंदर डबक्यांचे होते. मोबाइलच्या जीपीएसमध्ये तीन ते पाच मीटरची चूक नेहमीची असल्याने कायमच्या जागांसाठी बसाल्टमध्ये गंजरोधक पोलादाचा बोल्ट ठोकतात. पावसाळ्यात वाळू सरकून काही खडक झाकले जातात, काही उघडे पडतात. म्हणून मे महिन्याची तुलना ऑक्टोबरशी न करता पुढच्या मे महिन्याशीच करायची.

उलटलेला दगड जसा होता तसाच परत ठेवावा. खालच्या बाजूचे स्पंज आणि अंडी उन्हात काही मिनिटांत वाळतात. झोअँथिडच्या चटईत विष असू शकते, म्हणून हातमोजे हवेत आणि त्या हाताने डोळा चोळणे टाळावे. शंकूच्या आकाराचे जिवंत शंख मुळीच उचलू नयेत, ते विषारी काटा मारतात. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत येतात; वरळी व हाजी अली येथील प्रवाळ वसाहती सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी हलवाव्या लागल्या, तेव्हा मुंबईत प्रवाळ आहेत हे बऱ्याच मुंबईकरांना प्रथमच कळले. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमातून सामान्य नागरिकही छायाचित्रांसह नोंदी करतात. कोणता जीव कुठे आढळतो हे समजायला अशा नोंदी उत्तम. संख्या घटली की वाढली हे मात्र त्यांवरून काढू नये, कारण रविवारी निरीक्षक जास्त असतात, जीव नव्हेत.

नद्या : मिठी ही विहार (१८६०) व पवई (१८९१) तलावांच्या सांडव्यांतून सुरू होऊन माहीमच्या खाडीला मिळते. पावसाळ्यानंतर सांडवे आटले की तिच्यात वाहते ते बहुतांशी सांडपाणी. खालच्या टप्प्यात तर भरतीचे पाणी उलटे वर चढते. त्यामुळे एकाच पुलावरून सकाळी आणि दुपारी घेतलेले दोन नमुने दोन वेगळ्या नद्यांचे वाटावेत इतके निराळे निघतात. उपाय साधा आहे: नमुना ओहोटीच्या अखेरीस घ्यावा आणि प्रत्येक वेळी विद्युतवाहकता मोजावी, ती पाण्यातल्या क्षारांबरोबर वाढते. ती एकदम चढलेली दिसली तर बाटलीत समुद्र आला आहे, आणि त्यातला वाढलेला प्राणवायू नदी सुधारल्याचा पुरावा नाही.

विरघळलेला प्राणवायू मोजण्याची विंकलर पद्धत आजही टिकून आहे, कारण प्राणवायू मोजणाऱ्या यंत्राच्या इलेक्ट्रोडचा पडदा गाळाने माखला की यंत्र खोटे बोलते. काचेचे बूच असलेली ३०० मि.लि.ची बाटली पाण्याच्या पृष्ठभागाखाली सुमारे ३० सेंमी. तिरपी धरून हळू भरतात. बुडबुडा राहिला तर हवेतला प्राणवायू मिसळतो आणि आकडा फुगतो. जागेवरच २ मि.लि. मँगनीज सल्फेट आणि २ मि.लि. अल्कली-आयोडाइड-अझाइड पिपेटचे टोक पाण्यात बुडवून सोडतात, बूच लावतात आणि बाटली उलटसुलट करतात. तपकिरी साका बसला तर प्राणवायू आहे. साका पांढरा राहिला तर प्राणवायू जवळपास शून्य. मिठीच्या काठी हा पांढरा साका पुष्कळदा दिसतो आणि पुढचे अनुमापन (थेंब थेंब द्राव घालून मोजणे) केवळ औपचारिकता उरते. साका बसल्यावर २ मि.लि. तीव्र गंधकाम्ल घालून तो विरघळवतात, २०३ मि.लि. द्राव घेतात आणि ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने अनुमापन करतात. फिकट पिवळा रंग आला की स्टार्च टाकायचा. निळा रंग गेला की थांबायचे. जितके मि.लि. थायोसल्फेट लागले तितके मि.ग्रॅ. प्रतिलिटर प्राणवायू. २०० ऐवजी २०३ घेण्याचे कारण, आधी घातलेल्या ४ मि.लि. रसायनांनी तेवढेच पाणी बाटलीबाहेर सांडलेले असते. सांडपाण्यातील सल्फाइड मोकळे झालेले आयोडीन खाऊन टाकते, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो.

जैवरासायनिक प्राणवायू मागणी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतू खातात तो प्राणवायू, भारतात २७° से. तापमानाला ३ दिवस ठेवून मोजतात. त्या तापमानाला पाण्यात मुळात सुमारे ८ मि.ग्रॅ. प्रतिलिटरच प्राणवायू मावतो, म्हणून नाल्याचे पाणी पातळ न करता ठेवले तर तिसऱ्या दिवशी बाटलीत शून्य उरते आणि हाती काहीच लागत नाही. एकाच नमुन्याची १, २ आणि ५ टक्के अशी तीन सौम्यीकरणे लावणे शहाणपणाचे. स्नानयोग्य पाण्याचा निकष प्राणवायू किमान ५ आणि ही मागणी कमाल ३ मि.ग्रॅ. प्रतिलिटर असा आहे.

प्रवाह मोजायला सरळ, मोकळा १० ते २० मीटरचा टप्पा निवडून तरंगती वस्तू सोडतात, तीनदा वेळ घेतात आणि पृष्ठभागाच्या वेगाला ०.८५ ने गुणतात. दहिसर नदीत त्यासाठी संत्रे विकत आणावे लागत नाही. निर्माल्यातला नारळ कधी ना कधी येतोच. ही नदी अभ्यासाला फार सोयीची आहे. उद्यानाच्या आत तीन मिनिटे पायाने तळ ढवळून जाळी धरली तर पांढऱ्या ट्रेमध्ये शेपटीला तीन तंतू असलेली मेफ्लाय या कीटकाची पिल्ले आणि वाळूच्या कणांचे घर बांधून राहणाऱ्या कॅडिस या कीटकाच्या अळ्या मिळू शकतात. वस्ती आणि तबेले ओलांडल्यावर त्याच जाळीत लाल कायरोनोमिड माश्यांच्या अळ्या आणि ट्यूबिफेक्स हे गाळातले किडे उरतात. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असल्याने त्यांना अगदी थोड्या प्राणवायूवर भागवता येते. रासायनिक नमुना त्या क्षणाचे सांगतो, अळ्या मागच्या काही आठवड्यांचे. पावसाळ्यात या पाण्यात उतरताना लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा) धोका खरा आहे: गुडघ्यापर्यंतचे गमबूट, पायाला जखम असेल तर सुट्टी आणि उतरण्याआधी डॉक्टरांचा सल्ला.

जंगल : बिबट्यांच्या अंगावरील ठिपक्यांची रचना प्रत्येकाची वेगळी असते आणि डावी कूस उजवीसारखी नसते. म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरा सापळ्यांची जोडी लावतात, गुडघ्याच्या उंचीवर, ४० सेंमी.च्या आसपास, एकमेकांपासून थोडी तिरकी, म्हणजे एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या भिंगात जात नाही. लावून झाले की चार पायांवर रांगत समोरून जाऊन चाचणी घेतात. एका फेरीचा काळ मर्यादित ठेवतात, नाहीतर जन्म, मृत्यू व स्थलांतर यांनी गणित बिघडते. २०१५ साली उद्यान व लगतच्या परिसरात अशा रीतीने ३५ बिबटे ओळखले गेले. हा सापळा उष्णतेतला फरक टिपतो. मे महिन्यात जमीनच प्राण्याच्या अंगाइतकी तापली की समोरून गेलेला प्राणी सुटतो आणि उन्हात डोलणारे वाळके पान मात्र शेकडो रिकामे फोटो काढवते. गवत आधीच छाटावे. सगळ्यांत महाग पडणारी चूक घड्याळाची: एका कॅमेऱ्यात सकाळ-संध्याकाळ उलटी लागली तर निशाचर बिबट्या कागदावर दिवसा फिरतो आणि जोडीतले दोन फोटो एकाच प्राण्याचे आहेत हे सिद्ध होत नाही. वाटेवरून पाड्यांतली माणसेही जातात. कॅमेरा कशासाठी लावला हे पाड्यात आधी सांगावे, मराठीत चिठ्ठी लावावी आणि माणसांचे फोटो पुसून टाकावे. साखळी-कुलूप एवढ्यावर टिकत नाही, ओळख टिकवते.

झाडांच्या बाबतीत काळ आणखी लांबतो. कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते. उद्यानात ती २०१६ मध्ये फुलली. दोन वर्षांच्या प्रकल्पात मधमाश्या आणि फुलपाखरे मोजणाऱ्याला ते वर्ष लागले तर भलताच सुकाळ दिसेल, हुकले तर त्याचा मागमूसही दिसणार नाही.

खाडी : ठाणे खाडी रोहित (फ्लेमिंगो) अभयारण्य २०१५ चे, रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) २०२२ पासून. रोहित पक्ष्यांची मोजणी थव्याच्या एका कप्प्यात १०० पक्षी नीट मोजून तेवढे कप्पे पुढे सरकवत करतात. चढत्या भरतीला गाळ बुडू लागला की पक्षी दाटीने एकत्र येतात, तेव्हा मोजणे सोपे. पण शिवडीचे पक्षी तासाभरात नेरूळला दिसू शकतात, म्हणून सर्व ठिकाणी एकाच वेळी माणसे हवीत. तिवराच्या जंगलात १० × १० मी.चे तुकडे आखून १.३ मी. उंचीवर खोडाचा घेर घेतात. कांदळाला आधारमुळे असल्याने त्याचा घेर सर्वांत वरच्या मुळाच्या ३० सेंमी. वर.

परवानग्या : राष्ट्रीय उद्यान व अभयारण्यात अभ्यासासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. ती मिळायला लागणारा वेळ धरून आराखडा करावा, नाहीतर ठरवलेली ओहोटी निघून जाते आणि तशीच पुढची मिळायला वर्ष लागते.

नोंदवही : पेन्सिल वापरावी, शाई खाऱ्या पाण्यात पसरते. प्रत्येक पानावर तारीख, तिथी, घड्याळाची वेळ, जवळच्या ओहोटीची वेळ व उंची, आदल्या २४ तासांतला पाऊस आणि निरीक्षकाचे नाव असावे. बाटलीवरची चिठ्ठी बर्फाच्या पेटीत गळून पडते, म्हणून क्रमांक बाटलीच्या अंगावर कोरलेला असावा, बुचावर नव्हे. बुचे धुताना अदलाबदल होतात.