जीपच्या अंगातला भार

आमच्या शेजाऱ्याने पावसाच्या तोंडावर कुळ्याहून जुनी फोर बाय फोर जीप आणली. दूधसागरच्या वाटेवर नदीतून जाणारी, म्हणून स्प्रिंगचे पाटे उचलून उंच केलेली. पन्नासच्या वर गेली की तिच्या अंगात भार यायचा, अख्खी थरथरायची. डॅशबोर्डवरचा गणपती घुमायला लागायचा. चाकं दोनदा बॅलन्स झाली. मग देवळात गाऱ्हाणं घातलं, बंपरला लिंबू-मिरची बांधली. भार उतरेना.

तो होता खालच्या प्रोपेलर शाफ्टमध्ये, म्हणजे इंजिनाची फिरकी चाकांकडे नेणाऱ्या दांड्यात. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतो: अधिकच्या चिन्हासारखा लोखंडी तुकडा, त्याच्या समोरासमोरच्या दोन टोकांवर एक योक (दांड्याच्या टोकाचा दुबेळका), उरलेल्या दोनांवर दुसरा. दोन दांडे वाकड्यात असले तरी एकाची फिरकी दुसऱ्याला मिळते. पण सारखी मिळत नाही, आणि खरी गंमत इथे आहे.

क्रॉस एका क्षणी पहिल्या दांड्याशी काटकोनात असतो, पाव फेरीनंतर दुसऱ्याशी. तिरकी धरलेली थाळी लांबट दिसते ना, तसं प्रत्येक वेळी एका दांड्याला दुसऱ्याचं वर्तुळ तिरकं दिसतं. म्हणून पुढचा दांडा एकाच वेगाने फिरत असताना मागचा एका फेरीत दोनदा पळतो आणि दोनदा रेंगाळतो. वेग कोनाच्या कोसाइनने भागला की कमाल, गुणला की किमान. मिनिटाला 1000 फेऱ्या आणि कोन 10 अंश, तर मागे 985 ते 1015. कोन 20 अंश केला की 940 ते 1064. कोन दुप्पट, हेलकावा चौपट! गाडी उंच केली की शाफ्टचा कोन वाढतो; 'दोन इंच उचला, रुबाब बघा' म्हणणाऱ्या व्हिडिओंत हा हिशेब कुणी सांगत नाही.

यावर तोड म्हणून दुसरा क्रॉस: पहिल्याने बिघडवलेलं तो सावरतो. अट अशी की दोन्हीकडचे कोन सारखे हवेत आणि मधल्या शाफ्टचे दोन्ही योक एका रेषेत. शेजाऱ्याच्या जीपचा मधला शाफ्ट दोन तुकड्यांचा, एकात एक दात्यांवर सरकणारा; तो कुणीतरी काढून दोन-तीन दाते चुकवून बसवला होता. योक जुळवायच्या बाणाच्या खुणा ग्रीसखाली होत्या. खुणा जुळवल्या, गणपती स्थिर झाला.

स्टिअरिंगच्या दांड्यातही हेच क्रॉस असतात. चाक वळवताना एका फेरीत दोनदा जड, दोनदा हलकं लागतं, असं शेजारी आता म्हणतोय. ते गणेश चवथ झाल्यावर उघडणार.