फुलदाणीतली फुलं-पानं कशी ठरत गेली: थोडी पार्श्वभूमी

घरी मांडायला फुलं घ्यायची म्हटली की हात आपोआप सरळ, ताठ देठांकडे जातो आणि सोबत हिरव्या पानांची एक जुडी घेतली जाते. आपल्याला वाटतं ही आपली आवड, पण त्यातला बराच भाग १९५४ मध्ये अमेरिकेत निघालेल्या एका हिरव्या विटेनं ठरवलाय. फ्लोरल फोम. म्हणजे पाणी शोषून धरणारी स्पंजासारखी वीट, जिच्यात देठ खोचून फुलं उभी करतात.

त्याआधीचा काळ मोठा आहे पण इथे थोडक्यात. १७व्या शतकातल्या डच चित्रांमध्ये वसंतातले ट्यूलिप आणि उन्हाळ्यातले गुलाब एकाच फुलदाणीत दिसतात, प्रत्यक्षात ते एकत्र मिळणं अवघडच होतं, चित्रकार आधी काढून ठेवलेल्या अभ्यासचित्रांवरून गुच्छ जमवायचे. जपानमध्ये देठ पिनहोल्डरवर, म्हणजे वर सुया असलेल्या जड बैठकीवर, खोचायची पद्धत होती. आणि १९३०च्या दशकात लंडनमधल्या एका फुलवालीनं केल या पालेभाजीची पानं, कुंपणाकडेची रानवेल, वाळलेल्या शेंगा असलं सगळं श्रीमंतांच्या दिवाणखान्यात नेऊन मांडलं, आत चुरगळलेली कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी घालून. जाळीत देठ सैल राहतो, हवा तसा वाकतो, थेट पाण्यात उभा असतो. माझ्या मते घरगुती रचनेसाठी यापेक्षा चांगलं काही नंतर आलंच नाही.

मग फोम आला आणि निवडच बदलली. फोममध्ये देठ घुसवावा लागतो, म्हणजे तो कडक हवा. ट्यूलिप, डॅफोडिल असले मऊ, पोकळ देठ तिथे दुमडतात, म्हणून ते मागे पडले आणि गुलाब, कार्नेशन, शेवंती पुढे आली. देठ एकदा घुसवून जरा मागे ओढला की खाली पोकळी राहते आणि ते फूल पाण्यात असूनही तहानलेलं मरतं. वीट भिजवायचीसुद्धा रीत आहे, पाण्यावर नुसती ठेवायची, ती आपली आपण बुडते, घाईनं दाबली तर आत कोरडा गाभा राहतो. आणि मुख्य म्हणजे ती हिरवी वीट दिसायला भयंकर, ती झाकायलाच हवी, म्हणून पानांची मागणी वाढली. लेदरलीफ फर्नसारखं चिवट पान फ्लोरिडात सावली करून शेतीसारखं पिकवलं जायचं ते उगाच नाही. पान हे 'फिलर', म्हणजे नुसती जागा भरणारं, झालं ते इथे.

दुसरीकडे वाहतूक. नेदरलँड्समधल्या आल्समीरला १९७२ मध्ये लिलावाची प्रचंड इमारत उभी राहिली, कोलंबिया, केनिया, इक्वेडोरमधून फुलं विमानानं जायला लागली, खोक्यात आडवी, थंड आणि बरीचशी पाण्याशिवाय. यात जे टिकलं तेच दुकानात दिसलं. ग्लॅडिओलस आडवा ठेवला की शेंडा वर वळतो, डेलियाला असा प्रवास सोसत नाही, स्वीट पी तर त्याहून नाजूक. गुलाबाच्या नव्या जाती काढताना देठाची लांबी आणि टिकाऊपणा बघितला गेला आणि वास गेला. कार्नेशनची गोष्ट वेगळी, १९०८च्या सुमारास शिकागोतल्या काचगृहांमध्ये दिव्याच्या गॅसमुळे कार्नेशन मिटून जातात हे शोधताना दोषी एथिलीन हा वायू निघाला, आणि १९७८ मध्ये डच संशोधकांनी चांदीचं एक संयुग देठातून फुलात पोचवून त्याचा परिणाम अडवला. पिकलेल्या फळांच्या टोपलीशेजारी फुलदाणी ठेवू नका म्हणतात ते याच एथिलीनमुळे.

आता वादाचा मुद्दा. फोम म्हणजे फिनॉल-फॉर्मल्डिहाइड प्लास्टिक, बोटानं चुरला तरी त्याची बारीक पूड होते आणि ती सिंकमधून सरळ गटारात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की हे कण पाण्यातले छोटे जीव खातात आणि त्यातून झिरपणारी रसायनं त्यांना घातक ठरतात. ब्रिटनमधल्या एका जुन्या बागायत संस्थेनं २०२१पासून आपल्या प्रदर्शनांत फोम बंद केला, आणि त्यावरून जी जुंपली ती अजून पुरती शमलेली नाही. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं असं की मोठ्या, उंच, लटकत्या रचना फोमशिवाय होतच नाहीत, आणि आता 'बायोडिग्रेडेबल' फोम मिळतोच की. पहिला मुद्दा अर्धा खरा आहे, मोठ्या कामाला जाळी, मॉस आणि पाण्याच्या नळ्या लागतात, वेळ जास्त जातो. दुसरा मात्र फसवा आहे. तो शब्द बहुतेक वेळा लँडफिलसारख्या (कचरा पुरतात तिथल्या) परिस्थितीत घेतलेल्या चाचणीवर उभा असतो, तुमच्या मोरीत किंवा ओढ्यात ती परिस्थिती नसते, आणि वर सांगितलेल्या अभ्यासात वनस्पतीपासून बनवलेल्या फोममधूनही घातक द्रव्यं झिरपलीच. लेबल वाचून निर्धास्त होणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही. बंदी मात्र प्रदर्शनापुरती, विक्रीवर नाही, त्यामुळे दुकानात वीट अजून मिळतेच.

पण या वादाबरोबर घरच्या निवडीला थोडी मोकळीक मिळाली. जाळी परत आली तशी वाकडी देठंही परत आली. ट्यूलिप कापल्यावरही फुलदाणीत वाढतो आणि उजेडाकडे झुकतो, फोमवाल्यांना हा दोष वाटायचा, आता लोक मुद्दाम तेवढ्यासाठी घेतात. डॅफोडिलचा चिकट रस बाकीच्या फुलांना बाधतो, म्हणून त्याला आधी काही तास वेगळ्या पाण्यात ठेवायचं, मग इतरांत मिसळायचं, आणि मिसळल्यावर परत देठ कापायचा नाही, नाहीतर रस पुन्हा सुटतो. पानंही आता झाकणासाठी नाही तर त्यांच्या रंगासाठी घेतली जातात, निलगिरीची करडी-निळी पानं तर २०१०च्या दशकातच सगळीकडे दिसायला लागली होती. गुलाब घेताना मात्र जुनीच परीक्षा चालते, पाकळ्या देठाला जुळतात तिथे हलकं दाबायचं, घट्ट लागलं तर घ्यायचा, पिचपिचीत लागलं तर सोडून द्यायचा.