स्पोर्ट्स कारला विंग, स्पॉयलर, स्प्लिटर बसवायचाय? मंजुरीचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

आधी विंग (मागे खांबांवर उभं राहणारं आडवं पातं) विकत घ्यायची, डिकीच्या झाकणाला भोकं पाडून ती बसवायची आणि मग नोंदणी कार्यालयात अर्जाचं विचारायचं, असा बहुतेकांचा क्रम असतो. तो उलटा आहे. अर्ज नामंजूर झाला तर भोकं पाडलेलं झाकण पूर्ववत होत नाही आणि वापरलेला पार्ट विक्रेता परत घेत नाही. मंजुरीचं निम्मं काम पार्ट निवडतानाच होतं, कारण अधिकारी सगळ्यात बारकाईने वाचतो तो कागद, म्हणजे पार्टचं मान्यता प्रमाणपत्र, पार्टसोबत आलेला असतो. तो कागद नसेल तर बाकीची फाईल कितीही नीटनेटकी असली तरी पुढे सरकत नाही.

नियम गाडीची नोंदणी ज्या देशात आहे तिथले लागू होतात. कलमं वेगळी, फॉर्म वेगळे, पण कामाचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच: बदल मंजुरीच्या कक्षेत येतो का ते ठरवणं, पार्टचं प्रमाणपत्र मिळवणं, पूर्वपरवानगी, बसवणी, तपासणी, नोंद आणि विमा.

मंजुरी कशाला लागते

जर्मनीच्या वाहन नियमावलीतलं कलम १९ इथे फार उपयोगी पडतं, कारण त्यात नेमके तीन प्रश्न आहेत. बदलामुळे गाडीचा मान्यताप्राप्त प्रकार बदलतो का? रस्त्यावरच्या इतरांना धोका होण्याची शक्यता आहे का? धूर किंवा आवाज वाढतो का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर गाडीचा वापर-परवाना रद्द ठरतो. आपल्या मनातला पार्ट कुठल्याही देशात बसवायचा असो, आधी त्याला हे तीन प्रश्न विचारून पाहावेत.

भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ लागू होतं. उत्पादकाने ठरवून दिलेल्या तपशिलांशी नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील जुळेनासे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. ‘बदल’ म्हणजे काय हेही कायद्यात सांगितलंय: गाडीच्या रचनेतला असा फेरफार, ज्यामुळे तिचं मूलभूत स्वरूप बदलतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ बराच कडक लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द बॉडी किट घेणाऱ्याने नीट वाचावेत, कारण किटमध्ये पुढचा बंपर, साइड स्कर्ट (दारांखालच्या पट्ट्या), डिफ्युझर (मागच्या बंपरखालचा हवा वळवणारा भाग) आणि विंग असे अनेक पार्ट एकत्र येतात.

डिकीच्या कडेला चिकटवायची मऊ रबरी पट्टी आणि दोन खांबांवर उभी राहणारी मोठी विंग यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. उत्पादकाने त्याच मॉडेलसाठी, त्याच व्हेरिएंटसाठी ॲक्सेसरी म्हणून मान्यता घेतलेला स्पॉयलर (गाडीला लागून बसणारी, हवा वळवणारी पट्टी) सगळ्यात सोपा. रुंद फेंडरचं वाइडबॉडी किट सगळ्यात अवघड, कारण गाडीची नोंदलेली रुंदीच बदलते. या दोन टोकांमधल्या पार्टबद्दल शंका असेल तर नोंदणी अधिकाऱ्याला पार्टचं वर्णन आणि फोटो देऊन लेखी विचारावं. काउंटरवर तोंडी मिळालेल्या ‘चालेल’ला पुढे काही किंमत राहत नाही.

एवढी कडक तपासणी का

हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी २०० किमी वेगाला गाडीला खाली दाबणारा १०० किलोचा भार देणारी विंग १०० किमीला २५ किलोच देते. म्हणजे शहरात फिरून ‘बसली घट्ट’ असं म्हणण्यात अर्थ नाही, खरी परीक्षा वरच्या वेगात होते.

दुसरी गोष्ट समतोलाची. समजा पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमधलं अंतर २.५ मीटर आहे आणि विंग मागच्या आसाच्या १ मीटर मागे आहे. तिच्यावर १०० किलोचा भार आला की मागच्या चाकांवर १४० किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरून ४० किलो कमी होतात. मागचा आस हा टेकू आणि गाडी ही तरफ. पुढे स्प्लिटर (बंपरखालचं पुढे आलेलं सपाट पातं) न लावता फक्त मागे मोठी विंग लावली की वेगात स्टिअरिंग हलकं पडतं ते यामुळेच. म्हणूनच तपासनीस सुटा पार्ट बघत नाही, पुढच्या-मागच्या पार्टची जोडी बघतो, आणि ते योग्यच आहे.

यामागे इतिहासही आहे. १९६९ च्या स्पॅनिश ग्रां प्री या फॉर्म्युला वन शर्यतीत, बार्सिलोनाच्या मोंजुइक सर्किटवर, ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोघा चालकांच्या लोटस गाड्यांच्या उंच खांबांवरच्या मागच्या विंग मोडल्या आणि दोन्ही गाड्या रेलिंगवर आदळल्या. त्याच महिन्यात मोनॅकोच्या शर्यतीत उंच विंगवर बंदी आली. दुसऱ्या बाजूचं उदाहरण पहिल्या पिढीच्या ऑडी टीटीचं. वेगात मागचा भाग हलका पडून अपघात झाल्यावर कंपनीने गाड्या परत बोलावल्या आणि त्यांना मागे छोटा स्पॉयलर, इलेक्ट्रॉनिक स्थिरता यंत्रणा आणि सस्पेंशनमधले बदल दिले. योग्य जागी बसवलेला, तपासलेला स्पॉयलर जीव वाचवतो. विरोध आहे तो न तपासलेल्या पार्टला.

अर्ज कोण करू शकतो

अर्ज नोंदणीकृत मालकाच्या नावानेच जातो. गाडी चालवणारा भाऊ, मित्र किंवा गॅरेजवाला अर्जदार होऊ शकत नाही, फार तर अधिकारपत्र घेऊन कागद सादर करू शकतो. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर कंपनीच्या लेटरहेडवर अधिकृत सहीने अर्ज द्यावा.

कर्ज चालू असेल तर वित्तसंस्थेचं ना-हरकत पत्र आधी मिळवा. भाडे-खरेदी करारावरच्या गाडीसाठी नोंदणीकृत मालकाची लेखी संमती भारतात कलम ५२ नेच बंधनकारक केली आहे. भाडेपट्ट्यावरच्या गाडीला हात लावण्याआधी करार वाचा, बहुतेक करारांत गाडी मूळ स्थितीत परत करण्याची अट असते.

नोंदणी, विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र चालू असलं पाहिजे. आधी केलेला एखादा बदल नोंदवायचा राहिला असेल तर तो आधी मार्गी लावा, कारण तपासणीला गाडी उभी राहते तेव्हा अधिकाऱ्याला अख्खी गाडी दिसते.

कागदपत्रं

ठरलेल्या नमुन्यातला अर्ज, नोंदणी प्रमाणपत्र, विमा पॉलिसी, प्रदूषण प्रमाणपत्र, ओळखपत्र, पार्टचं बिल, शुल्काची पावती, लागू असेल तर वित्तसंस्थेचं पत्र. हा भाग सोपा आहे, एका संध्याकाळी जमतो.

जिथे अर्ज अडतात तो कागद म्हणजे पार्टचं मान्यता प्रमाणपत्र किंवा चाचणी अहवाल. त्यात चार गोष्टी शोधा. पार्टवर कोरलेला क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक तंतोतंत जुळतो का. तुमच्या गाडीचं मॉडेल, व्हेरिएंट आणि उत्पादन वर्षं यादीत आहेत का. एकाच नावाच्या गाडीच्या कूपे आणि कन्व्हर्टिबल आवृत्त्यांची डिकी वेगळी असते, त्यामुळे फक्त नाव जुळून भागत नाही. कोणत्या अटींवर मान्यता दिलीय, उदाहरणार्थ ‘फक्त अमुक पुढच्या स्पॉयलरसोबत’ किंवा ‘मूळ मापाच्या टायरसोबत’. आणि बसवल्यावर तपासणी करून घेणं सक्तीचं आहे का. जर्मनीत काही पार्टना सर्वसाधारण वापर-परवाना असतो आणि त्याचा कागद गाडीत ठेवला की पुरतं. काहींसोबत फक्त पार्टचा तज्ज्ञ-अहवाल असतो, त्यांची बसवल्यावर विनाविलंब तपासणी करून घ्यावी लागते. दोन्ही कागद दिसायला सारखेच, परिणाम मात्र वेगळा.

पार्टवर वर्तुळातलं ‘ई’ आणि शेजारी आकडा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. ई १ म्हणजे जर्मनी, ई ४ म्हणजे नेदरलँड्स, म्हणजे मान्यता कोणत्या देशाने दिली एवढंच तो आकडा सांगतो. पार्ट तुमच्या गाडीला चालतो की नाही हे त्यातून कळत नाही. विक्रेत्याच्या जाहिरातीतलं ‘मटेरियल सर्टिफिकेट’ही पुरेसं नाही. फायबर किंवा कार्बन फायबरचा दर्जा चांगला आहे, एवढंच ते सांगतं. त्या आकाराचा पार्ट त्या गाडीवर, त्या वेगाला सुरक्षित आहे असं ते म्हणत नाही.

असा कागद नसलेल्या पार्टला एकच वाट उरते, स्वतंत्र एकल तपासणीची. जर्मनीत ती कलम २१ खाली होते. त्यात मजबुतीचा पुरावा, मापांची आकृती आणि तज्ज्ञाचा अहवाल जमवणं मालकाच्या गळ्यात पडतं. खर्च आणि वेळ बघता, ज्याचे कागद आहेत असा दुसरा पार्ट घेणं मला कधीही शहाणपणाचं वाटतं.

फाईलला बसवणीआधीचे आणि नंतरचे फोटो जोडा, चारही बाजूंनी. बसवणाऱ्या वर्कशॉपचं सही-शिक्क्याचं पत्र घ्या. बोल्टचा आकार, आवळण्याचा टॉर्क आणि झाकणाच्या आतून लावलेली आधारपट्टी यांचा उल्लेख त्यात असू द्या. असं पत्र जोडलेलं असलं की तपासनीसाचे निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

तपासणीच्या दिवशी

तपासनीस पहिल्यांदा कडांवरून हात फिरवतो. संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक २६ प्रवासी गाड्यांच्या बाहेर आलेल्या भागांबद्दल आहे. १०० मिमी व्यासाचा गोळा जिथे टेकू शकतो अशा कडक भागाच्या कडेची वक्रता-त्रिज्या २.५ मिमीपेक्षा कमी नसावी, असं त्यात आहे. ६० शोर ए (रबरासारख्या साहित्याचा कडकपणा मोजायचं माप) पेक्षा मऊ साहित्याला यात सवलत मिळते, आणि मऊ रबरी किंवा पॉलियुरेथेनच्या पट्ट्यांना मंजुरी सहज मिळण्याचं हे एक कारण. बंपरच्या कोपऱ्यांवर लावायचे कॅनार्ड (छोटी पंखासारखी पाती) आणि विंगच्या टोकांच्या उभ्या पाट्या अनेकदा इथे नापास होतात. घरी कानशीने कड गोल करून आणू नका. चाचणी झालेला पार्ट तो राहत नाही, आणि कापलेला कार्बन फायबर कडेपासून उकलायला लागतो.

मग दिवे. मधला वरचा ब्रेक लाइट दोन्ही बाजूंना १० अंश, वर १० आणि खाली ५ अंशांपर्यंत मोकळा दिसला पाहिजे. मागच्या काचेच्या आतल्या ब्रेक लाइटसमोर विंगचं पातं येतं आणि अर्ज तिथेच अडतो. त्याच पात्यामुळे आतल्या आरशातलं दृश्यही अडू शकतं. ६० मीटर मागे २० मीटर रुंदीचा सपाट रस्ता दिसावा, अशी अपेक्षा असते. ड्रायव्हरच्या सीटवर बसून, कुणाला तरी मागे काठी धरून उभं करून हे आधीच तपासून घ्या.

नंबर प्लेट आणि तिचा दिवा, टो-हुक लावायची जागा, पार्किंग सेन्सर, बंपरमागचा रडार या सगळ्यांच्या आड नवा पार्ट येता कामा नये. बंपर बदलला असेल तर रडारचं कॅलिब्रेशन केल्याचा कागद सोबत ठेवा. डिकी उघडून बघितली जाते, कारण वजन वाढलं की गॅस स्ट्रट (झाकण उघडं धरून ठेवणारे दांडे) झाकण पेलत नाहीत आणि ते डोक्यावर येतं. शेवटी विंग धरून हलवली जाते. खांब हलला तर एक वेळ बोल्ट आवळून भागेल. झाकणाचा पत्राच वाकताना दिसला तर तपासणी तिथेच संपते.

मंजुरी मिळाल्यावर

भारतात बदल केल्यापासून १४ दिवसांच्या आत तो नोंदणी अधिकाऱ्याला कळवून, शुल्कासह नोंदणी प्रमाणपत्र नोंदीसाठी द्यायचं असतं. हे १४ दिवस बसवणीच्या तारखेपासून मोजले जातात, म्हणून वर्कशॉपच्या पत्रावर तारीख हवीच.

त्याच आठवड्यात विमा कंपनीला लेखी कळवा आणि पार्ट पॉलिसीत नोंदल्याचं पत्र मागून घ्या. न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी हमखास अडचणीचा ठरतो. वॉरंटीबद्दलही उत्पादकाला आधीच विचारलेलं बरं, विशेषतः पुढच्या बंपरमधून रेडिएटरकडे आणि ब्रेककडे जाणारा हवेचा मार्ग बदलत असेल तर.

फक्त ट्रॅकवर चालवायची असेल तर

शर्यतीचे नियम वेगळे आणि रस्त्याचे वेगळे. अनेक शर्यतींत त्या गाडीच्या होमोलोगेशन फॉर्ममध्ये (शर्यतीसाठीच्या मान्यतेच्या कागदात) नोंदलेलेच बॉडी पार्ट चालतात, स्पर्धेच्या तांत्रिक नियमांची प्रत आधी वाचावी. शर्यतीची मान्यता रस्त्यावर उपयोगी पडत नाही. १९७३ साली बीएमडब्ल्यूने ३.० सीएसएल या मॉडेलची मोठी मागची विंग शर्यतीसाठी मान्य करून घेतली, पण जर्मन रस्त्यांवर ती चालत नव्हती. म्हणून गाडी विकताना विंग डिकीत ठेवून दिली जायची. बोल्टवर निघणारी विंग असेल तर आजही तोच मार्ग कायदेशीर आहे: ट्रॅकपर्यंत काढून न्यायची, तिथे बसवायची आणि परतताना पुन्हा काढायची.

नोंद झालेला पार्ट पुढे कायमचा काढलात तर तीही माहिती त्याच कार्यालयाला कळवावी लागते. यासाठी मूळ बंपर, मूळ झाकण आणि मूळ बोल्ट जपून ठेवा. गाडी दुसऱ्या देशात नेणार असाल तर पार्टच्या प्रमाणपत्राची मूळ प्रत सोबत असू द्या, कारण तिथली तपासणी पुन्हा त्याच कागदापासून सुरू होते.