पाणी ‘मुरले’ म्हणजे टाकी तयार झाली असे नव्हे

नळाचे पाणी बादलीत रात्रभर उघडे ठेवले की ते ‘मुरते’ आणि त्यात कोळंबी सोडायला हरकत नसते, हा समज घरी काचेच्या टाकीत शोभेची कोळंबी पाळणाऱ्या नाशिकच्या हौशी लोकांत वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो अर्धाच खरा आहे. गंगापूर धरणाचे पाणी क्लोरीन मिसळून घरोघरी येते आणि उघड्या बादलीतून तो क्लोरीन बराचसा उडून जातो, एवढे मान्य. परंतु नवी टाकी कोळंबीच्या जिवावर उठते ती बहुधा अमोनियामुळे. विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजून अमोनिया तयार होतो, काही जिवाणू त्याचे तितकेच घातक नायट्राइट करतात आणि दुसरे काही त्याचे बऱ्याच अंशी निरुपद्रवी नायट्रेट. हे जिवाणू मुख्यतः फिल्टरच्या स्पंजावर आणि वाळूवर वस्ती करतात, आणि ती वस्ती बसायला साधारण 4 ते 6 आठवडे जातात. बादलीत यातले काहीच घडत नाही.

तेव्हा चिमूटभर खाद्य टाकून पाणी भरलेली पण कोळंबी नसलेली टाकी फिल्टरसह चालू ठेवावी आणि चाचणीत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन टिकल्यावरच चेरी कोळंबी (टाकीत पाळायची छोटी लाल कोळंबी) आणावी. तांबे कोळंबीला घातक, म्हणून ते असलेले माशांचे औषध मात्र टाकीत कधीच नको.

बोअरचे जड (क्षारयुक्त) पाणी वाईटच, हेही सरसकट खरे नाही; कात टाकणाऱ्या चेरी कोळंबीला त्यातले कॅल्शियम लागते. तळाशी पडलेली काचेसारखी पोकळ कात पाहून कोळंबी मेली असे वाटते, पण ती उचलू नये, कोळंब्याच ती कुरतडून संपवतात.