वासरांतली लंगडी गाय आणि विभागांचे गणित

8 जानेवारी 2011 रोजी अमेरिकेतील सिॲटल शहरात, अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियमजवळ बसवलेल्या भूकंपमापकाने हादरे टिपले. भूगर्भात काहीही घडले नव्हते. सिॲटल सीहॉक्सचा मार्शॉन लिंच अंगावर येणाऱ्या एकेका खेळाडूला झुगारून देत 67 यार्ड धावत सुटला होता आणि प्रेक्षकांनी स्टेडियम अक्षरशः डोक्यावर घेतले होते. सीहॉक्सने त्या दिवशी गतविजेत्या न्यू ऑर्लिन्स सेंट्सना 41-36 असे हरवून बाद फेरीतून घरी पाठवले.

लिंचची धाव अजून सगळ्यांच्या लक्षात आहे; मला मात्र त्या सामन्याचे स्थळ अधिक नवलाचे वाटते. सेंट्सनी साखळीतील 16 सामन्यांपैकी 11 जिंकले होते, तर सीहॉक्सने फक्त 7. तरीही सामना झाला तो सीहॉक्सच्या घरच्या मैदानावर. याचे कारण असे की, एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधील 32 संघ चार-चारांच्या आठ विभागांत वाटलेले असतात, प्रत्येक विभागाच्या विजेत्याला बाद फेरीत थेट प्रवेश मिळतो आणि पहिला सामना घरी खेळण्याचा मानही मिळतो. त्या वर्षी सीहॉक्सच्या विभागातील उरलेल्या तीन संघांचे विजय 7, 6 आणि 5 होते. वासरांत लंगडी गाय शहाणी ठरते, तसाच हा प्रकार होता. याच्या उलट अन्याय दोनच वर्षांपूर्वी झाला होता. 2008 मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्स 11 विजय मिळवूनही बाद फेरीबाहेर राहिले आणि 8 विजय, 8 पराभव अशी कामगिरी असलेला सॅन डिएगोचा संघ विभागविजेता म्हणून आत गेला.

आता प्रश्न असा की, एखादा विभाग कमजोर आहे की बलवान, हे ठरवायचे कसे? चारही संघांच्या विजयांची बेरीज करावी, असे पटकन सुचते. पण त्या बेरजेत बराच मोठा भाग निव्वळ भरताड असतो. विभागातील प्रत्येक संघ उरलेल्या तिघांशी दोन-दोन वेळा खेळतो, म्हणजे आपसांत एकूण 12 सामने होतात, आणि बरोबरी झाली नाही तर त्यांतून 12 विजय व 12 पराभव निघतात. चारही संघ दिग्गज असोत की चारही गचाळ, हा आकडा बदलत नाही. एका घरातल्या भावांनी एकमेकांना पैसे दिले-घेतले म्हणून घराची मिळकत वाढत नाही, तसेच हे आहे. म्हणून विभागाची ताकद मोजायची असेल तर आपसांतले सामने वजा करून फक्त बाहेरच्यांशी झालेले सामने पाहावे लागतात.

हा हिशेब 2010 च्या सीहॉक्सच्या विभागाला लावला, तर एकूण 25 विजय आणि 39 पराभवांतून दोन्हीकडचे 12 वजा होऊन बाहेरच्यांविरुद्ध 13 विजय आणि 27 पराभव उरतात. दुसऱ्या टोकाला 2024 मधला उत्तर विभाग आहे. डेट्रॉइटचे 15 विजय, मिनेसोटाचे 14, ग्रीन बेचे 11 आणि शिकागोचे 5, अशी ती बेरीज 45 विजय व 23 पराभव इतकी होती (तोवर प्रत्येक संघाचे साखळी सामने 16 चे 17 झाले होते); बाहेरच्या 44 सामन्यांपैकी त्यांनी 33 जिंकले. चारांपैकी तीन जिंकणारा हा विभाग होता, आणि तरीही 14 विजय मिळवणारे मिनेसोटा त्यात दुसरे आले म्हणून त्यांना पहिल्या फेरीत घरचे मैदान मिळाले नाही.

इथे मात्र एक मेख आहे. त्या हंगामात वेळापत्रकाच्या फेऱ्यानुसार या विभागाच्या चारही संघांना दुसऱ्या कॉन्फरन्समधील (एनएफएलच्या दोन मोठ्या गटांपैकी दुसऱ्यातील) दक्षिण विभागाच्या चारही संघांशी खेळायचे होते. ते 16 सामने म्हणजे दोन विभागांची समोरासमोरची झुंजच, आणि ती उत्तरेने 14-2 अशी जिंकली. मग उत्तर विभाग बलवान होता म्हणून दक्षिणेची धूळधाण झाली, की दक्षिण दुबळी होती म्हणून उत्तर फुगलेली दिसली? ते 16 सामने बाजूला काढले तर उत्तरेचे बाहेरचे विजय 28 पैकी 19 राहतात आणि दक्षिणेचे 28 पैकी 11. म्हणजे दोन्ही गोष्टी थोड्या थोड्या खऱ्या होत्या. प्रत्येकाची ताकद प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीवरून ठरवायची आणि त्या प्रतिस्पर्ध्याची ताकद त्याच्या प्रतिस्पर्ध्यांवरून, असे हे चक्र आहे. ते तोडण्याचा मार्ग म्हणजे सगळ्या संघांचे गुण एकाच वेळी अज्ञात धरून समीकरणे मांडायची आणि जे गुण प्रत्यक्ष निकालांशी सर्वांत चांगले जुळतील ते निवडायचे. जर्मन गणिती अर्न्स्ट झर्मेलो यांनी 1929 मध्ये बुद्धिबळाच्या स्पर्धांसाठी ही कल्पना मांडली होती. 1952 मध्ये राल्फ ब्रॅडली आणि मिल्टन टेरी या संख्याशास्त्रज्ञांनी ती स्वतंत्रपणे मांडली आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

समीकरणे सुटली तरी दैवाचा प्रश्न उरतोच. सर्व विभाग अगदी तुल्यबळ आहेत आणि प्रत्येक सामना नाणेफेकीसारखा आहे, असे समजा. 40 सामन्यांत 20 विजय अपेक्षित असतात आणि प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीच्या आसपास नेहमी होणारा चढउतार, साधारण 3.2 विजय इतके येते. सीहॉक्सच्या विभागाचे 13 विजय अपेक्षेपेक्षा दोनाहून किंचित अधिक प्रमाण विचलनांनी कमी होते, आणि इतके वाईट फळ निव्वळ योगायोगाने मिळण्याची शक्यता सुमारे 2 टक्के असते. ती नगण्य वाटते खरी. पण विभाग आठ आहेत आणि हंगाम दरवर्षी होतो, त्यामुळे असा एखादा अभागी विभाग केवळ नशिबाच्या खेळाने दर सहा-सात वर्षांतून एकदा दिसायलाच हवा. एका हंगामावरून एखाद्या विभागाला कायमचे नावे ठेवणारे समालोचक हे विसरतात.

अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये सामने भरपूर असल्यामुळे तिथे पाय अधिक घट्ट रोवता येतात. 2023 पासून तिथला प्रत्येक संघ 162 सामन्यांपैकी 52 आपल्या विभागात खेळतो आणि उरलेल्या 110 सामन्यांत तिथल्या दोन्ही लीगमधल्या इतर सर्वांना भेटतो. त्या वर्षी अमेरिकन लीगच्या पूर्व विभागातील पाच संघांनी बाहेरच्या 550 सामन्यांपैकी 319 जिंकले, तर मध्य विभागाने तितक्याच सामन्यांत 228. इथे अपेक्षा 275 विजयांची आणि प्रमाण विचलन साधारण 11.7 असल्याने पूर्व विभाग सरासरीच्या जवळजवळ पावणेचार विचलने वर होता. योगायोगाने असे घडण्याची शक्यता दहा हजारांत सुमारे एक. आणि मग बाद फेरीत काय झाले? मध्य विभागाचा विजेता मिनेसोटा ट्विन्सने पूर्वेतील टोरंटोला सलग दोन सामन्यांत गुंडाळले. दोन सामन्यांच्या निकालाने 550 सामन्यांचा पुरावा खोटा ठरत नाही, हे टोरंटोच्या चाहत्यांना सांगून मात्र उपयोग नव्हता.

विभाग कसे आखू नयेत याचा सर्वांत स्वच्छ प्रयोग आइस हॉकीत झाला, तोही जाणूनबुजून. 1967 मध्ये एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगने आपले सहा संघ एकदम बारा केले आणि जुने सहाही पूर्व विभागात, नवे सहाही पश्चिम विभागात घातले. अंतिम सामना दोन विभागांच्या विजेत्यांत होणार असल्याने एक नवखा संघ तिथे पोहोचणार हे ठरलेलेच होते. नव्या शहरांत तिकिटे खपावीत हा त्यामागचा व्यावहारिक विचार. पहिल्याच हंगामात 76 गुण मिळवणारे टोरंटो पूर्वेत पाचवे येऊन बाद फेरीबाहेर राहिले आणि 73 गुणांवर फिलाडेल्फियाने पश्चिमेचे अग्रस्थान पटकावले. 1970 मध्ये तर 92 गुण असलेले माँट्रियल बाहेर बसले, तेव्हा पश्चिमेतील अव्वल सेंट लुईसचे गुण होते 86. आणि तेही बहुतांशी आपल्यासारख्याच नवख्यांकडून कमावलेले. सेंट लुईस ब्लूज 1968, 1969 आणि 1970 अशी सलग तीन वर्षे अंतिम फेरीत पोहोचले आणि तिन्ही वेळा 4-0 असे हरले. बारा सामने, बारा पराभव.

त्यानंतर लीगने जुन्या सहांपैकी शिकागोला उचलून पश्चिमेत नेले, बफेलो आणि व्हँकुव्हर या नव्या संघांना पूर्वेत टाकले आणि उपांत्य फेरीत दोन विभागांची सरमिसळ केली. 1971 च्या अंतिम फेरीत पश्चिमेकडून शिकागो उतरले, आणि माँट्रियलला ती मालिका जिंकायला सातव्या सामन्यापर्यंत थांबावे लागले.