घातकी पिता आणि तरुण राणी

कल्पनारम्य साहित्यातील एक कल्पनाबंध, म्हणजे कथाकथांतून पुन्हापुन्हा येणारी ठरावीक कल्पना. कोवळ्या वयात सिंहासनावर आलेली राणी, जिवंत असो वा मेलेला पण राज्यावरची पकड न सुटलेला क्रूर पिता, आणि राणीपासून दडवून ठेवलेले तिच्याच जन्माचे किंवा कुळाचे सत्य, हे तीन धागे एकत्र आले की हा कल्पनाबंध सिद्ध होतो. सुटे पाहिले तर तिन्ही धागे पुराणकथांइतके जुने आहेत. त्यांची गाठ एकाच स्त्रीपात्रापाशी बसून ती स्वतः राज्य करू लागली, हे मात्र मुख्यतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचे.

जादू, शाप, राक्षस हा या कथांचा बाहेरचा साज असतो. आतला पेच वारसाहक्काचा आहे. राणीचा सिंहासनावरचा हक्क ज्या रक्तातून येतो, तेच रक्त तिला नाकारायचे असते. बाप जुलमी होता, त्याची सत्ता अन्यायाची होती, असे तिने जाहीर केले तर त्याची वारस म्हणून ती तरी कोण? गप्प राहिली तर त्याच्या गुन्ह्यांची वाटेकरी ठरते. राजपुत्राच्या कथेत हा पेच सहसा एवढा घट्ट होत नाही, कारण बापाला मारून गादीवर बसणारा मुलगा परंपरेला ओळखीचा असतो. मुलीने तेच केले तर तिला लागणारे शब्द वेगळे असतात.

महाभारतात या कल्पनाबंधाचे तुकडे विखुरलेले सापडतात. सत्यवती ही उपरिचर वसू राजाची मुलगी. मासळीच्या पोटातून मुलगा आणि मुलगी अशी जुळी निघाल्यावर राजाने मुलगा ठेवून घेतला आणि मुलगी कोळ्याच्या हवाली केली. पुढे हीच मत्स्यगंधा हस्तिनापूरची राणी झाली. तिच्या लग्नाच्या वेळी अट घालून सौदा केला तो वाढवणाऱ्या बापाने, आणि त्या अटीपायी देवव्रताला भीष्म व्हावे लागले. जन्मदात्या राजाने मुलीला टाकून दिल्याबद्दल त्याला जाब विचारावा, असे मात्र कथेत कोणालाच वाटत नाही.

ययातीची मुलगी माधवी हे त्याहून बोचरे उदाहरण. विश्वामित्राचा शिष्य गालव याला गुरुदक्षिणेसाठी एका कानाने काळे असलेले 800 पांढरे घोडे हवे होते. ययातीकडे घोडे नव्हते, पण दाता म्हणून मिळवलेले नाव राखायचे होते, म्हणून त्याने मुलगीच देऊन टाकली. अयोध्येचा हर्यश्व, काशीचा दिवोदास आणि भोजांचा उशीनर या तीन राजांनी प्रत्येकी 200 घोडे देऊन तिच्यापासून एकेक पुत्र मिळवला. उरलेल्या 200 घोड्यांच्या बदल्यात खुद्द विश्वामित्रानेच तिला ठेवून घेतले. एवढे झाल्यावर ययातीने तिचे स्वयंवर मांडले, तेव्हा जमलेल्या वरांना सोडून तिने वनालाच वरले. पुढे स्वर्गातून घसरलेल्या बापाला तिने आपले अर्धे पुण्य दिले. उद्योगपर्वात हे सगळे फारशी खंत न करता सांगितले आहे. इथला बाप ना तलवार उगारतो ना ओरडतो. तो उदार आहे, आणि त्याचा धोका त्या औदार्यातच आहे. आधुनिक कादंबरीकारांनी रंगवलेल्या कित्येक खलनायक राजांपेक्षा ययाती अधिक भयंकर वाटतो तो यामुळे.

दडलेल्या वारशाची दुसरी बाजू हरिवंशातल्या कंसाच्या कथेत दिसते. आपण उग्रसेनाचे पुत्र नसून, उग्रसेनाचे रूप घेऊन आलेल्या सौभपती द्रुमिल दानवाचे आहोत, हे त्याला नारदाकडून कळते. कंस या माहितीने हादरत नाही, उलट मोकळा होतो. आपल्या कुळात दानव आहे हे कळलेल्या राणीपुढेही हाच पर्याय असतो. तो तिला खरोखर मोहात पाडतो की नाही, यावर पुष्कळ कथांची पत ठरते.

ग्रीक कथांत बापाविरुद्ध उठणारी मुलगी वारंवार येते, पण जवळजवळ नेहमी कोणा पुरुषासाठी. मेगाराच्या निसस राजाचे आयुष्य त्याच्या जांभळ्या बटेत होते. त्याची मुलगी स्किला हिने शत्रू मिनोसच्या प्रेमात पडून ती बट कापली, आणि मिनोसनेच तिला झिडकारले. मीडिया ही सूर्यदेव हेलिओसची नात. बाप ईएटीसला फसवून ती जेसनबरोबर पळाली. ईनोमाउस राजा मुलीच्या वरांना रथशर्यतीत हरवून ठार मारीत असे. पेलोप्सने सारथ्याला फितवून रथाच्या चाकाची खीळ मेणाची बसवली आणि हिप्पोडामियाला जिंकले. ऑलिंपियाच्या झ्यूस मंदिराच्या पूर्व त्रिकोणिकेवर, म्हणजे छपराखालच्या त्रिकोणी भागावर, याच शर्यतीच्या तयारीचे दृश्य कोरलेले होते. बाणासुराची कन्या उषा हीसुद्धा याच घरातली. तिच्या प्रेमामुळे युद्ध पेटते, पण ते लढतात कृष्ण आणि बाण. जुन्या कथेत मुलीचे बंड बापाच्या हातातली सत्ता जावयाच्या हातात देऊन संपते. तिच्या हातात ती कधी येतच नाही.

लोककथांनी हा विषय अधिक धीटपणे हाताळला. लोककथांचा अभ्यासक स्टिथ थॉम्पसन याच्या कल्पनाबंध-सूचीत ‘क्रूर पिता’ याला एस 11 हा स्वतंत्र क्रमांक आहे. लोककथांच्या आर्ने–थॉम्पसन–उथर वर्गीकरणातील 510 बी या कथाप्रकारात मरणाऱ्या राणीला राजा वचन देतो की तुझ्याइतकीच सुंदर असेल तिच्याशीच लग्न करीन. मग तशी एकच मुलगी उरते, आणि ती त्याची स्वतःची असते. सूर्य, चंद्र, तारे यांच्या तेजाची वस्त्रे मागून ती वेळ काढते आणि शेवटी जनावराचे कातडे पांघरून पळते. फ्रेंच लेखक पेरोने ही कथा 1694 मध्ये पद्यात सांगितली; ग्रिम बंधूंच्या 1812 च्या संग्रहातही ती आहे. 706 क्रमांकाच्या कथेत बाप मुलीचे हात तोडतो. दोन्हींत मुलगी वाचते ती ओळख लपवून. म्हणजे इथे वारसा तिच्यापासून कोणी दडवलेला नसतो, जीव वाचवण्यासाठी तीच तो दडवते. आधुनिक रूपात ही बाजू उलटली आहे.

याच परिसरातली 923 बी ही कथा भारतीय भाषांत भरपूर आढळते. राजा मुलींना विचारतो, तुम्ही कोणाच्या नशिबाचे खाता? थोरल्या म्हणतात, तुमच्या. धाकटी म्हणते, माझ्या. राजा तिला घालवून देतो किंवा एखाद्या रोग्याच्या गळ्यात बांधतो. काही वर्षांनी ती राणी झालेली असते आणि बाप तिच्या दारात येतो. तरुण राणी आणि चुकलेला बाप यांची समोरासमोर गाठ घालून देणारी इतकी नेटकी कथा दुसरी नाही. तिच्यातला बाप मात्र ओळख पटताच वितळतो, आणि तिथेच ती सुखकथा होते. लिअर राजाची कथाही याच कुळातली. मॉन्मथच्या जेफ्रीने 1136 च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत कॉर्डेलिया बापाला गादीवर परत बसवते आणि त्याच्यामागे 5 वर्षे स्वतः राज्य करते. शेक्सपिअरच्या नाटकामुळे ही राज्य करणारी कॉर्डेलिया लोकांच्या आठवणीतून जवळपास पुसली गेली.

या कल्पनाबंधाला इतिहासाचाही आधार आहे, आणि तो कल्पनेपेक्षा रूक्ष आहे. इजिप्तचा राजा बारावा टॉलेमी इ. स. पू. 58 मध्ये देशाबाहेर पडल्यावर त्याची मुलगी चौथी बेरेनिस सत्तेवर आली. इ. स. पू. 55 मध्ये रोमन सेनानी गॅबिनियसच्या फौजेसह बाप परतला आणि त्याने मुलीला ठार मारवले. तिची धाकटी बहीण क्लिओपात्रा इ. स. पू. 51 मध्ये साधारण 18 व्या वर्षी राणी झाली, तेव्हा तिने धारण केलेल्या पदवीत ‘फिलोपेटर’, म्हणजे पित्यावर प्रेम करणारी, हा शब्द होता. थोरल्या बहिणीचे काय झाले हे पाहिलेल्या मुलीने ही पदवी मिरवावी, यात प्रेम किती आणि राजकारण किती हे सांगायला नको.

इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथचे उदाहरण कादंबरीकारांना अधिक जवळचे. ती तीन वर्षांचीही नव्हती तेव्हा, 19 मे 1536 रोजी, बाप आठवा हेन्री याच्या राजवटीत तिच्या आईचा, अ‍ॅन बोलिनचा, शिरच्छेद झाला. एलिझाबेथ अनौरस ठरवली गेली. 1544 च्या कायद्याने तिला वारसांच्या क्रमात जागा मिळाली, पण औरसपणा परत मिळाला नाही. 1558 मध्ये 25 व्या वर्षी ती राणी झाली. आधीच्या राणीने, सावत्र बहीण मेरीने, आपल्या आईवडिलांचे लग्न कायद्याने वैध ठरवून घेतले होते. एलिझाबेथ त्या वाटेला गेली नाही. हेन्रीची मुलगी असल्याचा अभिमान ती उघडपणे सांगे. मात्र 1575 च्या सुमाराच्या तिच्या एका अंगठीत झाकणाखाली दोन चित्रे आहेत: एक तिचे, दुसरे बहुधा अ‍ॅन बोलिनचे. मारणाऱ्या बापाचे नाव दरबारात आणि मारलेल्या आईचा चेहरा अंगठीच्या आत, हा समझोता पुढच्या कितीतरी काल्पनिक राण्यांच्या वाट्याला आला आहे.

सिद्धांतांकडे वळले तर हाती फारसे लागत नाही. मनोविश्लेषक ओटो रांकचा वीरजन्माच्या मिथकावरचा ग्रंथ 1909 चा आणि लॉर्ड रॅग्लनची वीरनायकाच्या 22 लक्षणांची यादी 1936 ची. दोन्हींचा नायक पुरुष. जोसेफ कॅम्बेलच्या 1949 च्या मांडणीत ‘पित्याशी समेट’ हा नायकाच्या प्रवासातला एक टप्पाच आहे, आणि अशा कथांतल्या राणीला नेमके तेच करता येत नाही. मॉरीन मर्डॉकने 1990 मध्ये नायिकेच्या प्रवासाची वेगळी मांडणी केली. तिच्यात मुलगी आधी बापाच्या जगाची मर्जी संपादते आणि नंतर तुटलेले आईचे नाते शोधते, हे या राण्यांना पुष्कळसे लागू पडते. फ्रॉइडची ‘कुटुंबकादंबरी’ ही कल्पनाही इथे उपयोगी आहे. आपले खरे आईबाप कोणीतरी थोर असतील, असे मूल मनाशी रचते, असे तो म्हणतो. या कल्पनाबंधात तेच स्वप्न उलटे पडते: थोर घराणे तर आधीपासूनच आहे, उघडकीला येते ती त्याच्या तळाशी असलेली घाण.

आधुनिक कथांत दडलेला वारसा ढोबळमानाने दोन तऱ्हांनी येतो. पहिलीत तो आईकडून येतो: आई परक्या कुळातली, जादू जाणणारी, जिंकलेल्या किंवा नष्ट केलेल्या जमातीतली असते, आणि बापाने तिचे नाव, भाषा, चित्रे पुसून टाकलेली असतात. अशा कथेत वारसा हेच बापाविरुद्धचे हत्यार होते. दुसरीत तो बापाकडूनच येतो. ज्या शक्तीने त्याने लोकांना छळले, तीच राणीच्या अंगात जागी होते. लेखकाच्या दृष्टीने पहिली तऱ्हा सोपी आणि वाचकाला सुखावणारी. दुसरी अवघड, पण जास्त प्रामाणिक. तिसरी एक पळवाट आहे: शेवटच्या प्रकरणात कळते की तो तिचा बापच नव्हता. ही युक्ती पेच सोडवीत नाही, तो रद्द करते. ती योजणाऱ्या कथा पहिल्या वाचनानंतर क्वचितच टिकतात.

पिता मेलेला असला तरी धोका संपत नाही, हे अलीकडच्या लेखनाचे खरे योगदान म्हणता येईल. क्रिस्टिन काशोरच्या 2012 च्या ‘बिटरब्लू’ या कादंबरीत राणी 18 वर्षांची आहे आणि बाप कधीच मेला आहे. पण खोटे खरे वाटायला लावण्याची त्याची शक्ती सबंध राज्याची स्मृती नासवून गेली आहे. त्याच्या काळातलेच सल्लागार राणीभोवती आहेत, आणि जुने न उकरण्यातच त्यांचे हित आहे. जॉर्ज मार्टिनच्या कादंबरीमालेत डेनेरिसचा जन्म होण्यापूर्वीच तिचा बाप मारला गेला. भावाने सांगितलेला अन्यायग्रस्त राजा आणि बापाच्या जुन्या रक्षकाने सांगितलेला वेडा राजा यांतला फरक तिला पचवावा लागतो. दोन्हींत सामना माणसाशी नाही, त्याच्याविषयी सांगितल्या गेलेल्या गोष्टींशी आहे.

त्यामुळे या कथांत दफ्तरखान्याला रणांगणाइतके महत्त्व येते. जुन्या कथेत ओळख पटे ती अंगावरच्या खुणेवरून किंवा अंगठीवरून. थॉम्पसनच्या सूचीत यांनाही क्रमांक आहेत. आता ती पटते फाडलेल्या पानावरून, खरवडलेल्या तसबिरीवरून, एका वर्षाची नोंदच नसलेल्या वहीवरून. सत्य ठाऊक असलेली व्यक्ती बहुधा कनिष्ठ असते: दाई, स्वयंपाकीण, लेखनिक. दरबारी मंडळींना ते ठाऊक नसते असे नाही, पण त्यांनी बोलण्याची किंमत हिशेबात धरलेली असते. राणीचे वय कोवळे ठेवण्याचे कारणही इथेच सापडते. अल्पवयीन राणीचा कारभार दुसरे पाहतात, तिच्यापर्यंत कागद गाळून येतात, आणि सज्ञान होताच ती जो पहिला मूळ कागद मागते, त्यातून कथा सुरू होते.

प्रत्यक्ष सामन्याचा प्रसंग लिहिताना बहुतेकांचा तोल दोन ठिकाणी जातो. बापाच्या तोंडी लांबलचक कबुली घातली जाते, जणू तो इतकी वर्षे ऐकणाऱ्याचीच वाट पाहत होता. किंवा राणीला एका वाक्यात क्षमा करायला लावले जाते. चांगल्या लेखनात बाप प्रेमाने बोलतो, आणि त्यातले काही प्रेम खरे असते. त्याला मारावे, कोंडावे, हद्दपार करावे की त्याच्यावर खटला भरावा, हा निर्णय राणीच्या कारकिर्दीचा पहिला कायदा ठरतो, आणि खटल्याचा मार्ग निवडणाऱ्या कथा तुलनेने थोड्या आहेत. खटल्यात साक्षी घ्याव्या लागतात. साक्षीदारांत तिचे आजचे मंत्री असतात, आणि बापाने दिलेल्या जमिनी, पदव्या, माफ्या यांतले काय कायम ठेवायचे याची यादी करावी लागते. त्या यादीत तिचे स्वतःचे नावही येते.