पूल्समधे भूत नाही, मग घाबरतो कशाला?

पूल्स नावाचा गेम 2024 मधे आला, फिनलंडच्या टेन्सोरी स्टुडिओनं केलेला. त्यात राक्षस नाही, म्युझिक नाही, कोणी बोलत नाही, नुसत्या पांढऱ्या टाइल्सच्या संपता न संपणाऱ्या खोल्या आणि पाणी, आपण फक्त चालत राहायचं. भीती वाटायला कोणीतरी अंगावर यावं लागतं हा समज मला अजिबात पटत नाही, कारण इथे निम्मं काम कान करतात.

शाळेत प्रतिध्वनी शिकलो, भिंत किमान 17.2 मीटर अंतरावर हवी वगैरे, निनाद म्हणजे खोलीचं घुमणं मात्र व्याख्येपुरतं. टाळी वाजवली की आवाज आधी थेट येतो, मग भिंती-छतावर आपटून त्याच्या असंख्य प्रती इतक्या लागोपाठ येतात की त्या सुट्या ऐकूच येत नाहीत, नुसतं घुमणं ऐकू येतं. हार्वर्डच्या वॉलेस सॅबिननं 1895 पासून हे घुमणं मोजलं. तिथल्या एका लेक्चर हॉलमधे शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा, काही कळायचंच नाही, मग हा माणूस ऑर्गनचा पाइप नि स्टॉपवॉच घेऊन बसायचा, थिएटरमधल्या सीटच्या गाद्या रात्री हॉलमधे आणून टाकायचा, मोजायचा आणि सकाळच्या आत परत नेऊन ठेवायचा! त्यातून सूत्र निघालं: 0.161 गुणिले खोलीचं घनफळ, भागिले आवाज शोषणारं क्षेत्रफळ, उत्तर सेकंदात, म्हणजे आवाज 60 डेसिबलनं उतरायला लागणारा वेळ.

आता 20 मीटर लांब, 15 रुंद, 5 उंच असा सगळीकडून टाइल्सचा हॉल घ्या. घनफळ 1500 घनमीटर, सगळे पृष्ठभाग मिळून 950 चौरस मीटर, टाइल जेमतेम 2 टक्के आवाज शोषते असं धरलं तर शोषणारं क्षेत्रफळ 19 चौरस मीटर, उत्तर 12.7 सेकंद. त्यात 100 माणसं उभी करा, प्रत्येकाचं शोषण अर्धा चौरस मीटर धरा, 19 चे 69 झाले आणि वेळ आला साडेतीन सेकंदांवर (हवाही थोडा आवाज खाते, ते सोडून दिलंय). म्हणजे माणसं नाहीत हे कानाला चक्क ऐकू येतं. डोळ्यांना पोहायचा तलाव दिसतोय, तिथे पोरांचा कलकलाट हवा, आणि कान म्हणतात इथे कोणीच नाही, माझ्या मते अस्वस्थपणा इथूनच सुरू होतो. त्यात निनाद वाढला की आवाज नेमका कुठून आला हे ओळखणं अवघड जातं, त्यामुळे पाण्यात आपलाच पाय पडला तरी मागून कोणीतरी येतंय असं वाटतं.

रिकाम्या घरात ‘काहीतरी आहे’ म्हणणाऱ्यांनी आधी सामान हलवल्यावर खोली किती घुमते ते ऐकावं. बॅकरूम्स या इंटरनेटवरच्या भीतीकथेमागच्या, रिकाम्या पिवळ्या खोल्यांच्या फोटोवरूनही दुसऱ्या डायमेन्शनच्या केवढ्या गप्पा झाल्या, 2024 मधे कळलं की तो अमेरिकेतल्या ऑशकॉशमधल्या एका दुकानाचा, 2002 मधे काम चालू असतानाचा फोटो आहे.

पूल्स खेळणार असाल तर हेडफोन लावूनच खेळा, स्पीकरवर तुमच्या खोलीतले पडदे आणि गाद्या स्वतःचं घुमणं त्यात मिसळतात.